वहीतली रेघ



गेल्या महिन्यात माझी एक मुदत ठेव पिकली. व्याजासकट माझ्या नावावर सोळा लाख झाले. बँकेतून येताना आनंद व्हायला हवा होता. पण घरी आले ती थेट कपाटातली जुनी वही शोधायला बसले.

त्या वहीची गोष्ट 1993 पासून सुरू होते. तेव्हा आमचं अडत दुकान जोरात होतं. मी बी.कॉम., त्यामुळे रोजकीर्द आणि खतावणी माझ्याकडे. सासूबाई म्हणायच्या, "सून आणली की मुनीम आणला?" 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत. आमच्या जिल्ह्यात सास्तूरकडच्या गावांची माती झाली. दगडमातीच्या त्या जाड भिंती आम्हाला भक्कम वाटायच्या, त्याच माणसांवर पडल्या.

आठ-दहा दिवसांनी सास्तूरकडचे एक शेतकरी दुकानात आले. अंगावर कुणाचा तरी दिलेला सदरा. त्यांनी विचारलं, "वहिनी, माझं काही निघतं का हो तुमच्याकडं?" उडदाची पट्टी घराखाली गेली होती आणि आकडाही त्यांना आठवत नव्हता. मी खतावणी उघडली. उचल, हमाली, तोलाई वजा जाता अकरा हजार चारशे निघत होते.

आता खरं सांगते, आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या पानावर बोट ठेवून मी क्षणभर थांबले. दुकानाला तेव्हा पैशांची ओढ होती, आणि तो आकडा माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता. तेवढ्यात हे पलीकडून म्हणाले, "मोठ्यानं वाच." मी वाचलं. यांनी पूर्ण रक्कम मोजून दिली आणि पुढच्या पेरणीचं बियाणं उधार लिहायला सांगितलं. ते गृहस्थ पैसे हातात घेऊन तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "घरातलं सगळं गेलं, पण तुमच्या वहीत मी शिल्लक होतो."

त्या रात्री मला चांगली झोप लागली. क्षणभर थांबलेल्या त्या बोटाचं मात्र वाईट वाटत राहिलं.

पुढच्या वर्षी आम्ही कुंथलगिरीला गेलो. भूम तालुक्यातलं आपलं हे सिद्धक्षेत्र, कुलभूषण-देशभूषण मुनींची निर्वाणभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये सल्लेखना घेतली तीही इथेच. तिथे मी परिग्रह परिमाण व्रत घेतलं आणि वहीत लिहिलं: सोनं पंचवीस तोळे, राहतं घर एक, रिकामी जागा एक, माझ्या नावावरच्या ठेवी दहा लाख. खाली रेघ मारली.

हसू नका, पण तेव्हा माझ्या नावावर चाळीस हजारही नव्हते. वाढत्या अंगाच्या मुलाला ढगळ सदरा शिवावा तसा मी तो आकडा लिहिला होता. न टोचणारं व्रत घ्यायला कितीसा पराक्रम लागतो!

आता सदरा घट्ट झाला. आणि कॉमर्सचं डोकं लगेच वाट शोधायला लागलं. सोन्याचं ठीक, ते तोळ्यात लिहिलंय. तेव्हा तोळा पाच हजारांच्या आत होता, आज लाखाच्या वर आहे, तरी पंचवीस ते पंचवीसच. घराचंही तसंच. घोळ फक्त रुपयांचा. मग आयकरवाले 2024 पर्यंत मालमत्तेची खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायचे, तसं करावं का? त्यांचा निर्देशांक 2001-02 ला 100 होता, 2024-25 ला 363 झाला. म्हणजे नुसत्या एका गुणाकारानं माझे दहा लाख छत्तीस लाखांवर! मी कागद यांच्यापुढे धरला. यांनी चष्मा वर केला. "वाढवायचंच होतं तर रेघ कशाला मारलीस?"

धाकट्याचं म्हणणं वेगळं. "आई, दवाखान्याचा खर्च काय असतो माहितीये ना? व्रतावर ऑपरेशन होत नाही." तो चूक नाही. माझे गुडघे रोज त्याची बाजू घेतात.

दोन-तीन दिवस मी चिडचिडी झाले होते. मग जीवराज जैन ग्रंथमालेचं एक पुस्तक हाती आलं. त्यात सुरुवातीला सोलापूरच्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशींचा परिचय असतो, तो आपण नेहमी उलटून पुढे जातो. या वेळी वाचला. न्यायानं मिळवलेली संपत्ती धर्माच्या आणि समाजाच्या कामी लावावी, असं त्यांच्या मनानं 1940 मध्ये घेतलं. 1941 मध्ये गजपंथाला विद्वानांना जमवून जैन संस्कृती संरक्षक संघ काढला आणि तीस हजार दिले. उरलेली सगळी, सुमारे दोन लाखांची संपत्ती दिली ती 1944 मध्ये. 1957 मध्ये त्यांचं समाधिमरण झालं.

मला त्या दोन लाखांपेक्षा मधली तीन वर्षं जवळची वाटली. एवढा मोठा माणूस, पण त्यांचंही एका दिवसात सुटलं नाही. आणि आधी न्यायानं मिळवणं आलं, मग देणं. आपल्यात बायका दानाचं बोलतात, मिळवण्याचं बोलायला लाजतात. मी लाजत नाही. स्वतःच्या नावावर पैसे असावेत, ते कुठे आहेत हे ठाऊक असावं. माझे दहा लाख मी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. दर तिमाहीला व्याज माझ्या खात्यात येतं, भाजीसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. हेही सुखच आहे, छोटं नाही.

वरच्या सहा लाखांपैकी दोन लाख दिले. ओळखीतल्या दोन मुली लातूरला शिकतात, त्यांच्या वसतिगृहाची आणि कॉलेजची फी भरली. त्यातल्या एकीनं पावतीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "काकू, हिशोब."

चार लाख अजून माझ्याकडेच आहेत. म्हणजे आजच्या तारखेला माझ्या व्रताला अतिचार लागलेला आहे, ते लपवत नाही. वहीत रेघेखाली तारीख घालून लिहिलंय: जास्तीचे चार लाख, मुदत पुढच्या अनंत चतुर्दशीपर्यंत. ते लिहिल्यावर यांना हाक मारली. हे म्हणाले, "मोठ्यानं वाच."

मी वाचलं.