खांबांसमोरचा चेंडू

रग्बीचे सामने पाहायला मी दर शनिवारी पावसात उभा राहीन, असे भविष्य एखाद्या ज्योतिषाने सांगितले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती. गिरगावच्या चाळीत वाढलेला मी. गॅलरीतले क्रिकेट आणि गणेशोत्सवातले कॅरमचे सामने, एवढीच माझी क्रीडासृष्टी. परंतु १९६७ च्या सप्टेंबरात मी यॉर्कशरमधल्या वेकफील्ड गावी जाऊन पडलो. दिवसा कारखान्यात उमेदवारी करायची आणि रात्री इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा अभ्यास करायचा, असा बेत होता. प्रवासखर्चासाठी आप्पांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढले होते आणि आईच्या पाटल्या पेढीवर गेल्या होत्या.

खोली मिळाली ती एका निवृत्त खाणकामगाराच्या घरी. घरमालकांची छाती कोळशाच्या धुळीने भरलेली. जिना चढताना ते दोनदा थांबत. मालकीणबाई प्रेमळ, पण रुबार्बच्या भक्त. रुबार्ब म्हणजे अंबाडीच्या चुलतबहिणीसारखे आंबट देठ. तिकडे हिवाळ्यात ते अंधाऱ्या शेडमध्ये वाढवितात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात. ही हकीकत ऐकायला मोठी काव्यमय वाटते. आठवड्यातून चारदा ते खावे लागले, की काव्य उडून जाते.

पहिल्याच शनिवारी म्हातारबुवांनी गळ्याला मफलर गुंडाळला आणि मला म्हणाले, "चल पोरा, पुस्तकं कुठं पळून जात नाहीत." आम्ही बेल व्ह्यू मैदानावर गेलो. नावाचा अर्थ 'सुंदर देखावा'. देखावा म्हणजे धुराडी आणि चिखल! 'धिस स्पोर्टिंग लाइफ' या १९६३ च्या चित्रपटातले सामने याच मैदानावर चित्रित झाले आहेत, हे मला पुढे कळले.

त्या चिखलात तेरा-तेरा माणसे एकमेकांवर तुटून पडत होती. मला प्रथम हुतुतूचीच आठवण झाली. चेंडू हातात घेऊन शत्रूच्या गोटात घुसायचे आणि चारपाच जणांनी त्याला आडवा करायचा. फरक एवढाच, की येथे आडवा झालेला गडी बाद होत नाही. उठून चेंडू पायाने मागे सरकवितो आणि खेळ पुढे चालतो. असे चारदा आडवे होण्याची मुभा, हा नियम तेव्हा नवाच, १९६६ चा. रेषेपलीकडे चेंडू टेकविला की 'ट्राय', त्याचे त्या काळी तीन गुण. मग दोन उंच खांबांमधून आडव्या दांडीवरून चेंडू मारला, तर आणखी दोन.

हा खेळ साहेबलोकांचा नव्हे, हे म्हातारबुवांनी मला पहिल्या दिवशीच बजावले. १८९५ साली हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी बैठक घेऊन मूळ संघटनेशी काडीमोड घेतला. भांडण कशावरून? सामन्यासाठी शनिवारची पाळी बुडविणाऱ्या मजुराला त्या बुडालेल्या मजुरीचे सहा शिलिंग द्यावेत की नाहीत, यावरून! दक्षिणेकडच्या सुखवस्तू मंडळींना ते खेळाचे पावित्र्य भ्रष्ट करणारे वाटले. ज्याला मजुरी बुडण्याची भीती नाही, त्याला पावित्र्य फार स्वस्तात पडते.

वेकफील्ड ट्रिनिटी हा आमचा क्लब, १८७३ साली एका चर्चच्या तरुणांनी काढलेला. होय, महिन्याभरात तो 'आमचा' झाला होता. १९६७ चे अजिंक्यपद त्यांच्याकडेच होते. संघातले फॉक्स बंधू शेजारच्या शार्लस्टन या खाणकामगारांच्या वस्तीतले. धाकटा नील म्हणजे गुणांचा कारखाना. साऱ्या कारकिर्दीत त्याने ६,२२० गुण केले. थोरला डॉन तसा शांत. डिसेंबरात काही सामने प्रथमच रविवारी खेळविण्यात आले, तेव्हा मालकीणबाईंनी दोन दिवस अबोला धरला. क्लबने केलेल्या पापाची शिक्षा आम्हा दोघांना!

आणि फेब्रुवारीत माझा निकाल आला. नापास. थोडक्यात हुकले असेही नाही; दोन विषयांत साफ आडवा. दोष बेल व्ह्यूचा नव्हता. थंडी, एकटेपणा आणि 'उद्या करू' या तिघांनी मिळून मला लोळविले होते. घरी मी लिहिले, "निकाल अजून लागायचा आहे." एकदा लिहिले की दुसऱ्यांदा लिहिणे सोपे जाते. मार्च गेला, एप्रिल गेला. दर पत्रात माझा निकाल लागायचाच होता. आप्पांची पत्रे येत. त्यांत कर्जाचे अवाक्षर नसे. 'प्रकृतीस जप' एवढेच. तेच फार टोचत असे.

इकडे ट्रिनिटीची घोडदौड चालू होती. चॅलेंज कपाच्या उपांत्य सामन्यात हडर्सफिल्डशी ०–० बरोबरी झाली. फेरसामना जिंकून आम्ही वेंब्लीला निघालो. ४ मे १९६८ रोजी हल किंग्स्टन रोव्हर्सला १७–१० असे हरवून ट्रिनिटीने अजिंक्यपद राखले. आता आठवड्याने कपही आला की झाले!

११ मे. म्हातारबुवांच्या छातीला लंडनचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून आम्ही भाड्याच्या टेलिव्हिजनपुढे बसलो. प्रतिस्पर्धी लीड्स. वेंब्लीवर ८७,१०० प्रेक्षक आणि वर फुटलेले आभाळ! मैदानाचे तळे झाले होते. माणसे धावत नव्हती, घसरत होती. असा सामना खेळवूच नये, असे माझे आजही मत आहे. नील जांघेच्या दुखापतीमुळे बाहेर. किक मारण्याचे काम डॉनकडे आलेले. मध्यंतराला आम्ही ७–४ असे पुढे होतो. मग पंचाने लीड्सला पेनल्टी ट्राय बहाल केला आणि होता होता ११–७ झाले.

अगदी शेवटच्या मिनिटात केन हर्स्टने चेंडू पायाने ढकलीत नेला आणि खांबांखाली ट्राय टेकविला. ११–१०! आता किक. बरोबर खांबांसमोर, दोन गुणांची. म्हातारबुवा उभे राहिले. मालकीणबाईंनी कपाटातून चांगले पेले काढले.

डॉन फॉक्सने चेंडू ठेवला, चारदोन पावले धावत आला आणि मारला. चेंडू बुटाच्या कडेला लागून उजवीकडे गेला. डॉन खाली कोसळला. टेलिव्हिजनवर एडी वेअरिंग त्याला 'बिचारा पोरगा' म्हणाला. विशेष म्हणजे सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून लान्स टॉड ट्रॉफी त्यालाच जाहीर झाली. मते त्या किकच्या आधीच पडली होती. त्या चिखलात आमचे आधीचे दोन्ही गोल त्यानेच मारले होते. ते कोणाला आठवतात? पुढे ४० वर्षे, २००८ साली तो वारला तोवर, लोक त्याला त्या एकाच चेंडूबद्दल विचारीत राहिले.

मला वाटले, म्हातारबुवा आता शिव्यांची लाखोली वाहतील. त्यांनी वाहिलीही, पण ती पंचाला, पेनल्टी ट्रायबद्दल. डॉनबद्दल अक्षर नाही. मी न राहवून म्हटले, "इतकी सोपी किक!" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मारायला गेला कोण होता? तोच ना?" आणि पेले पुन्हा कपाटात ठेवायला ते स्वतः उठले.

त्या रात्री मला झोप आली नाही. सगळ्या देशादेखत डॉनचा चेंडू हुकला होता. माझा फेब्रुवारीतच हुकला होता आणि तो मी तीन महिने गादीखाली लपवून त्यावर झोपत होतो. पहाटे उठून एरोग्राम घेतला. दोन विषय, किती गुण, केव्हा कळले, किती वेळा खोटे लिहिले, सारे लिहिले. तरी निम्मा कागद उरला. कोरा पाठविण्याचा धीर होईना, म्हणून उरलेल्या जागेत वेंब्लीची हकीकत लिहिली.

उत्तर बाराव्या दिवशी आले. पाकीट उघडायला मला संध्याकाळ झाली. आप्पांचे मोत्यासारखे अक्षर. "निकाल समजला. पुन्हा बसण्यास फी किती, ते कळविणे. खोटे लिहिलेस, याचे आईस वाईट वाटले." पुढे पायरीचा भाव, शेजारच्या मुलीचे लग्न. आणि ताजा कलम: "त्या फॉक्सला पुढील सामन्यात घेतात की नाही, ते आठवणीने लिहिणे."

हंगाम तर संपलेला. मी म्हातारबुवांना विचारले. ते शेगडीत कोळसा घालीत होते. "न घ्यायला काय झालं?" ते म्हणाले. फीच्या आकड्याखाली मी तेवढेच लिहून पाठविले.