दहावं व्रत आणि दप्तरातला फोन



पर्युषण पार पडलं, संवत्सरीची क्षमापना झाली. घरोघरी फोन करून, प्रत्यक्ष भेटून आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. माझी एक क्षमापना मात्र स्थानकात नाही, शाळेच्या ऑफिसात झाली. ती आज तुम्हाला सांगते, कारण मला वाटतं की ती आपल्यापैकी बऱ्याच जणींची आहे.

आमचे चिरंजीव यंदा नववीत. शाळा अकरा ते पाच, त्यानंतर क्लास. या चातुर्मासात त्याने पहिल्यांदाच स्वतःहून चौविहार करायचं ठरवलं. आजीला म्हणजे आमच्या सासूबाईंना इतका आनंद झाला की विचारू नका. पण क्लास सुटेपर्यंत सूर्यास्त होऊन जातो. मग संध्याकाळचा डबा सोबत द्यायचा आणि साडेसहाला फोन करून आठवण करायची, असं ठरलं. त्यासाठी घरातला जुना फोन त्याच्या दप्तरात गेला. म्हणजे बघा, सुरुवात किती चांगल्या कारणाने झाली.

जुलैमध्ये शाळेत पालकांची सभा झाली. सर म्हणाले, यंदा वरच्या वर्गांत फार फोन येताहेत. एकतर घरी ठेवा, नाहीतर आल्याबरोबर ऑफिसात जमा करा आणि सुटताना घ्या. सभेत लगेच कुजबुज सुरू झाली. तापीकाठच्या एका गावाहून येणाऱ्या मुलीचे वडील उठले. म्हणाले, "सर, एस.टी. चुकली तर पोरीने कळवायचं कसं?" एक ताई म्हणाल्या, "गृहपाठ तुम्हीच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकता आणि वर फोन नको म्हणता!" त्यावर सगळे हसले. आणि मग मी उठले. आपल्या महिला मंडळात बोलून बोलून माझी भीड चेपलेली. मी म्हटलं, "सर, अचानक काही झालं तर आईने काय करायचं? फोन बंद करून दप्तरात राहू द्या, जमा कशाला?" टाळ्या पडल्या. नियम ढिला झाला. फोन आणा, पण बंद ठेवा, एवढंच ठरलं. घरी येताना मी खुशीत होते.

ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात दुपारी शाळेतून फोन आला, "ताई, जरा येऊन जा." मी स्कूटी काढली, पोटात गोळा. ऑफिसात गणिताचे सर बसले होते. टेबलावर फोन, त्याला रबर लावून खाली नावाची चिठ्ठी. आमचे चिरंजीव भिंतीला टेकून उभे, मान खाली.

सर शांतपणे म्हणाले, "ताई, दुसऱ्या तासाला प्रमेय शिकवत होतो. फोन वाजला. सगळा वर्ग हसला. त्याने बंद करायला काढला, तर पुन्हा वाजला. कोणाचा होता ते तुम्हीच बघा."

स्क्रीनवर दोन मिस्ड कॉल होते. दोन्हींपुढे नाव एकच, मम्मी.

कशासाठी केला होता मी फोन? क्लासवरून येताना आजोबांच्या बी.पी.च्या गोळ्या आण, हे सांगायला. गोळ्या संपल्या नव्हत्या, दुसऱ्या दिवसापर्यंत पुरणार होत्या. भाजी चिरता चिरता आठवलं, हात मोकळा होता, लावला फोन. तो वर्गात असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

घरी आल्यावर मी त्यालाच रागावले. म्हटलं, बंद का नव्हता ठेवला? तो आधी काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "मम्मी, मागच्या आठवड्यात बंद होता तेव्हा तूच रागावली होतीस. म्हणालीस, फोन दिलाय कशाला मग?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री सगळे झोपल्यावर मी माझ्या फोनमधली कॉलची यादी उघडली. अकरा ते पाचच्या वेळात त्याला लावलेले कॉल मोजले. एका महिन्यात सतरा. डबा खाल्ला का, छत्री आहे का, वही सापडली का. एकही असा नव्हता की जो पाच वाजेपर्यंत थांबला नसता.

मग पर्युषण आलं. घरात हिरवी भाजी बंद, गट्ट्याची भाजी, कढी, मूग, पापडाची भाजी असा क्रम सुरू झाला. एका सकाळी व्याख्यानात महासतीजींनी बारा व्रतांमधलं दहावं व्रत घेतलं, देसावगासिक. प्रतिक्रमणात आपण ते रोज म्हणतो, पण खरं सांगा, किती जणी अर्थ लक्षात घेऊन म्हणतो? सहाव्या व्रतात आयुष्यभरासाठी दिशांची मर्यादा घ्यायची. दहाव्यात तीच मर्यादा एका दिवसापुरती, काही तासांपुरती आणखी लहान करायची. आज या घराबाहेर नाही, या खोलीबाहेर नाही, असं.

मग त्यांनी पाच अतिचार समजावून सांगितले. तत्त्वार्थसूत्रातही ते आहेत. मर्यादेबाहेरची वस्तू मागवून घेणं, हा आनयन प्रयोग. दुसऱ्याला बाहेर पाठवणं, हा प्रेष्य प्रयोग. आपण जागचं हलायचं नाही, पण खाकरून किंवा आवाज देऊन बाहेरच्याला खूण करायची, हा शब्दानुपात. बोलायचंही नाही, नुसतं स्वतःचं रूप दाखवून बोलावून घ्यायचं, हा रूपानुपात. आणि काहीच जमलं नाही तर खडा फेकून लक्ष वेधायचं, हा पुद्गल प्रक्षेप.

मी बसल्या जागी चमकले. मैत्रिणींनो, ज्या काळात तार नव्हती, टपाल नव्हतं, त्या काळात आपल्या आचार्यांनी ओळखलं होतं की माणूस शरीराने एका जागी बसून मनाने बाहेर पळतो, आणि पळायच्या वाटा कोणत्या तेही त्यांनी मोजून ठेवलं. आता या पाच वाटा मोबाइलला लावून बघा. ऑर्डर देऊन वस्तू मागवणं, कोणाला तरी कामाला लावणं, आवाज पाठवणं, फोटो आणि व्हिडिओ, आणि 'टिंग' करून पडणारा मेसेज. पाचही अतिचार एका खिशात! शाळेच्या बाकावर बसलेला मुलगा अकरा ते पाच त्या चार भिंतींत आहे असं आपण समजतो. खिशात फोन असला की तो तिथे नसतोच.

पण माझ्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. आमच्या घरात खडा आतून बाहेर गेला नव्हता. तो बाहेरून आत आला होता, आणि फेकणारी मी होते.

आपण पच्चक्खाण घेतो तेव्हा करणं, करवणं आणि अनुमोदन असे तीन करण म्हणतो. शाळेत फोन वाजला हे त्याचं करणं म्हणू. पण फोन दिला कोणी, रिचार्ज केला कोणी, कॉल लावला कोणी? करवणं माझं. आणि सभेत टाळ्या घेतल्या ते अनुमोदनही माझंच.

तसं फोनशिवाय राहणं आपल्याला काही नवीन नाही. आपण मुंहपत्ती बांधून सामायिकात बसतो, रेतीची घडी उलटी करतो. पुढची 48 मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत कितीही वाजो, हात लावत नाही. माहेरचा असो, दुकानातला असो. आजवर कोणी आपल्याला विचारलंय का, की सामायिकात फोन का उचलला नाहीस? घरातले सगळे म्हणतात, ती सामायिकात आहे, नंतर करा. मग माझा मुलगा शिकायला बसलाय, नंतर करा, असं मला माझ्याच मनाला का सांगता येऊ नये? शाळेचा एक तास साधारण आपल्या सामायिकाहून थोडा लहानच असतो.

संवत्सरीनंतर मी या विषयावर थोडं वाचलं. युनेस्कोने 2023 मध्ये शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला होता. त्यात म्हटलंय की एकदा लक्ष विचलित झालं की मुलाला पुन्हा अभ्यासात लागायला 20 मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे माझ्या गोळ्यांच्या दोन कॉलनी अख्ख्या वर्गाचा अर्धा तास नेला असेल! फ्रान्सने तर 2018 मध्येच कायदा करून लहान वर्गांपासून साधारण पंधरा वर्षांच्या मुलांपर्यंत शाळेत मोबाइल वापरायला मनाई केली. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये मला फार पटलेली गोष्ट सांगितली. शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी योग्यही नाही आणि चालणारीही नाही, कारण येण्याजाण्याच्या सुरक्षिततेसाठी तो लागतो. पण जिथे सोय असेल तिथे मुलांनी फोन आल्याबरोबर जमा करावा आणि घरी जाताना घ्यावा. आमचे सर जुलैमध्ये हेच तर म्हणत होते. एस.टी.ने येणाऱ्या त्या मुलीची अडचणही यात सुटते. तिला फोन लागतो तो पाचनंतर, गणिताच्या तासाला नाही.

आपल्याच महाराष्ट्रात दोन गावांनी 2022 मध्ये दोन वाटा धरल्या. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने ठराव केला, अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल नाही, दिसला तर 200 रुपये दंड. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दुसरं केलं. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती फोन गेले ते परत आलेच नाहीत, हे तिथल्या शिक्षकांच्या लक्षात आलं होतं. मग त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनापासून गावात रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत मोबाइल बंद आणि टीव्हीही बंद, मुलांचाच नाही, सगळ्यांचा. सरपंच विजय मोहिते यांनी सांगितलं होतं की सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. मग गावाने बायकांना एकत्र बोलावलं. आपण मालिकांत किती अडकलोय हे त्यांनी कबूल केलं, आणि तिथून गाडी पुढे सरकली.

मला वडगावची वाट आपली वाटते. सामायिक आणि देसावगासिक ही दोन्ही शिक्षाव्रतं आहेत. शिक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छडी आणि दंड येतो. इथे शिक्षा म्हणजे शिकणं, सराव. रोज थोडा वेळ, ठरलेल्या हद्दीत, आधी स्वतः. भोंगा आईसाठीही वाजतो, म्हणून मूल ऐकतं. आणि आपल्या समाजालाही हे परकं नाही. मध्य प्रदेशातल्या बेगमगंजच्या जैन बंधू-भगिनींनी पर्युषणात एक दिवस मोबाइलचाच उपवास केला होता, हे तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. आधी गणिताच्या सरांना हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. ते गोंधळले, अर्थ विचारला, मग हसले. मग मोठ्या सरांना सांगितलं, "जुलैमध्ये विरोध मीच केला होता. आता पुढच्या सभेत उभी राहून मीच सांगते की फोन जमा करून घ्या. फक्त दोन गोष्टी करा. ऑफिसचा एक नंबर सगळ्या पालकांना द्या, आणि गृहपाठ फळ्यावरही लिहा." सभेत तसं बोलले. खरं सांगते, पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा उभं राहणं जड गेलं. टाळ्याही पडल्या नाहीत. एक बाई मागून म्हणाल्याच, "यांचं आज एक, उद्या एक." ऐकून घेतलं.

आता ऑफिसात लाकडी कप्प्यांची पेटी आहे. सकाळी फोन त्यात, पाचला परत. ऑफिसचा नंबर मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. अजून एकदाही लावावा लागला नाही.

मी माझं पच्चक्खाण घेतलंय. शाळेच्या दिवशी अकरा ते पाच मुलाला फोन नाही. आता त्याचा फोन पेटीत असतो, लावला तरी कोण उचलणार? तरी पहिल्या आठवड्यात दोनदा हात गेला. एकदा तर रिंग वाजायला लागल्यावर कापला. व्रतात अतिचार लागला की काय करायचं हे आपल्याला माहीत आहे, आलोचना करायची आणि पुन्हा सुरू करायचं. दुसरं म्हणजे मी मोबाइलची नवकारसी करते. सूर्योदयानंतर 48 मिनिटं जसं तोंडात काही घालत नाही, तसा फोनही हातात घेत नाही. चिरंजीवांनी आठ दिवस नुसतं बघितलं. नवव्या दिवशी म्हणाले, "मम्मी, मीपण करू का?" मी म्हटलं कर. जास्त काही बोलले नाही, बोलले असते तर बिघडलं असतं.

आणि चौविहाराची आठवण? परवा सहज विचारलं, साडेसहाला मी फोन करायला विसरले, जेवलास का रे वेळेत? म्हणाला, "मम्मी, समोर खिडकी आहे. सूर्य दिसतो."

मैत्रिणींनो, आज एवढंच करा. रात्री फोनमधली कॉलची यादी उघडा आणि शाळेच्या वेळात आपल्या लेकराला किती कॉल लावलेत ते मोजा. आकडा कोणाला सांगायची गरज नाही. माझा सतरा होता, तो मी सांगून टाकला.

लिहिण्यात जिनवाणीविरुद्ध काही आलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.