एकटीच्या पाचजणी

रंगमंचावर माणूस एकटंच असलं की मला तिथे जास्त गर्दी दिसते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे 52 माणसं उभी करायचे आणि हसता हसता आपण विसरून जायचो की समोर एकच गडी आहे. रोहिना मलिकच्या ‘अनव्हेल्ड’ या एकपात्री नाटकाबद्दल वाचताना लक्षात आलं, की इथे ते विसरून चालायचं नाही.

रोहिना जन्माने लंडनची, घर दक्षिण आशियाई वळणाचं. शाळकरी वयातच ती शिकागोकडे आली आणि तिथलीच झाली. नाटककार, नटी आणि डोक्याला हिजाब. 2001च्या सप्टेंबरनंतर अमेरिकेत ही लांबूनच ओळखू येणारी खूण झाली. कोणीही यावं, चार शब्द सुनवावेत, चालतं व्हायला सांगावं. त्या दिवसांतून हे नाटक आलं. 2009 साली शिकागोला खेटून असलेल्या बर्विनमध्ये, सिक्स्टीन्थ स्ट्रीट थिएटरच्या तळघरातल्या इवल्याशा नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. लिहिणारी तीच, करणारीही तीच.

नाटकात पाच बायका आहेत. लग्नाचे कपडे शिवणारी पाकिस्तानी वंशाची मरियम. मोरोक्कन वंशाची वकील नूर. टेक्सासची, आफ्रिकन-अमेरिकन, स्वतःहून इस्लाम स्वीकारलेली इनेझ. लंडनची रॅप गाणारी शबाना. रेस्टॉरंट चालवणारी लैला. रुमालाची बांधणी बदलते, आवाजाचा हेल बदलतो, बसण्याची ढब बदलते. बाहेरचा माणूस रुमाल बांधलेल्या शंभर बायकांना एका मापाने मोजतो. ही एकटी त्याच्यासमोर बसते आणि पाच होऊन दाखवते. पाच नट्या घेतल्या असत्या तर हा डाव साधला नसता. चेहरा तोच आहे, आणि तरी मरियम म्हणजे नूर नव्हे, हे प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी कबूल करावं लागतं.

शिवाय प्रत्येक जण चहा करते. आणि तो पाचही जणींचा वेगळा, ज्या घराचा जसा असेल तसा. ती पाहुण्याशी बोलत असते, आणि तो पाहुणा म्हणजे आपण. माझी आजी दारात उभ्या असलेल्या कुणालाही आधी ‘चहा टाकू ना?’ विचारायची, आणि त्या प्रश्नात घर तिचं आहे हे न सांगता सांगून टाकायची. रोहिनाने हेच हेरलंय. ज्या बाईला रस्त्यात ‘निघ इथून’ म्हणतात, ती इथे यजमानीण आहे. कप तिच्या हातात, आग्रह तिचा. एकदा तिचा चहा हातात घेतला की तिची गोष्ट अर्ध्यात टाकून उठता येत नाही. आणि या गोष्टी गोड नाहीत. त्यांत द्वेषाने झालेले हल्ले आहेत, गेलेली माणसं आहेत. नूर वकील आहे, पण नवऱ्याच्या खुनापुढे कायद्याचं ज्ञान किती पुरतं?

हा प्रयोग घेऊन ती विद्यापीठांत गेली, प्रार्थनास्थळांत गेली. कौतुक झालं. मला मात्र त्यात एक शीण दिसतो. ज्याला लागलंय त्यानेच पुन्हा पुन्हा उठून समजावून सांगायचं, आणि तेही हसतमुखाने, कप पुढे करत! कलेच्या वाट्याला ही वेठ का यावी?

म्हणून तिची पुढची वाट मला जास्त मोलाची वाटते. ‘द मक्का टेल्स’मध्ये तिने जुन्या इंग्रज कवी चॉसरच्या गोष्टी सांगणाऱ्या यात्रेकरूंचा साचा उचलला आणि हजला निघालेल्या बायका बोलत्या केल्या. तिथे कोणापुढे खुलासा द्यायचा नाही, जो काही हिशेब तो आपापल्या मनाशी. मग ‘यास्मिनाज नेकलेस’. 2017मध्ये ते शिकागोच्या गुडमन थिएटरमध्ये झालं. युद्धातून निसटलेली इराकी चित्रकार यास्मिना, आणि अब्दुल समी हे नाव टाकून सॅम झालेला, घटस्फोटित तरुण. दोघांच्या आईबापांना मात्र सोयरीक जुळवायची घाई. हा मामला मराठी घराला काही समजावून सांगावा लागत नाही.

तळघरातल्या पाचजणींना, आपण माणसं आहोत, हे आधी पटवून द्यावं लागलं. यास्मिना ते गृहीत धरूनच येते. तिला रागावता येतं, स्थळ नाकारता येतं, मनात नसताना प्रेमात पडता येतं. आणि तिने कोणालाही चहा विचारला नाही, तरी आपण बसून राहतो.