दोरीवरचें ऊन

कपडे धुणें हें श्रमाचें काम; ते वाळत घालणें हें विचाराचें. पहिलें काम आमच्या घरीं आतां यंत्र करतें. दुसरें मजकडे आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यावर घरांतील कोणतें खातें मजकडे सोंपवावें, याचा दोनतीन दिवस खल चालला होता. स्वयंपाकघरांत आधींच तीन पिढ्यांच्या स्त्रियांची गर्दी. नातवंडांचा अभ्यास घ्यावा तर त्यांचे शिकवणीचे वर्ग ठरलेले. अखेर अंगणांतील बाग आणि तिच्याबरोबर बागेंतील दोरी माझ्या वांट्यास आली. हातांत चिमट्यांची टोपली घेऊन हिंडणारा मास्तर पाहून शेजाऱ्यांना प्रथम गंमत वाटली. आतां तेच मला विचारतात, “गुरुजी, आज पाऊस येईल का हो?”

बाग हें नांव जरा मोठेंच आहे. बारा हात लांब, आठ हात रुंद एवढी माती. तींत जास्वंद, सोनटक्क्याचें बेट, कढीलिंब, तुळस आणि कुंपणाशीं एक पेरू. पण दोरी बांधण्यास जागेपेक्षां दिशेचें ज्ञान अधिक लागतें. वालीव हें वसईच्या पूर्व भागांत आहे. दुपारीं येथें वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. हिंवाळ्यांतील सकाळीं तोच तुंगारेश्वराच्या डोंगराकडून कोरडा वाहतो. म्हणून दोरी दक्षिणोत्तर बांधावी. मग वारा कपड्याच्या कडेला घासून न जातां सबंध अंगावर येतो, आणि सकाळचें व तिसऱ्या प्रहरचें ऊन त्याच्या दोन्ही बाजूंस मिळतें. नायलॉनची दोरी चिमट्यांवांचून निरुपयोगी. जुन्या पद्धतीची दोन पदरी पिळाची दोरी असेल तर पीळ किंचित् उकलून त्यांत कपड्याचें टोंक अडकवितां येतें. मुंबईस महालक्ष्मीच्या धोबीघाटावर अशाच दोऱ्यांवर ढिगांनीं कपडे वाळतात. रंगीत कपडा उलटा करून घालावा. रेशमी वस्त्र सावलींतच, कारण उन्हानें तें पिवळें पडून जीर्ण होतें. नऊवारी लुगडें मात्र दोरीची परीक्षा पाहतें. आठ मीटरांहून अधिक लांबीचें तें वस्त्र चौपदरी केलें तरच इतरांना जागा उरते.

हळदीच्या डागाचा अनुभव प्रत्येक गृहिणीला असेल. साबण लावतांच तो लाल होतो, कारण साबणांत क्षार असतो. घांसून घांसून कापड विरतें, पण डाग जात नाहीं. तोच ओल्या कापडासकट उन्हांत धरला तर एकदोन दिवसांत फिका पडत जातो. हळदींतील रंगद्रव्य उन्हापुढें टिकत नाहीं. असलें काम सूर्य फुकट करतो. आणि वसई तालुका तर उन्हावरच जगलेला आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मिठागरांत खाडीचें पाणी उन्हानेंच आटतें. राजेळी केळीं सोलून वाळविलीं कीं प्रसिद्ध सुकेळीं तयार होतात. आणि किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळतात. त्यांचें नांव आमच्या घरांत काढीत नाहींत. पण अर्नाळ्यास गेलें असतां नाकाला तें चुकवितां येत नाहीं.

मध्यंतरीं माझ्या मुलानें कपडे वाळविण्याचें यंत्र आणण्याची सूचना केली. मीं त्याला कागदावर हिशेब मांडून दाखविला. पांच किलो कपडे यंत्रांतून पिळून निघाले तरी त्यांत सुमारें तीन लिटर पाणी राहतें. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता लागते; तीन लिटरांस १७४०. विजेचें एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेव्हां साध्या तापविणाऱ्या यंत्रांत प्रत्येक घाण्यास दोन युनिटें तरी हवींत, आणि जी उष्णता वायां जाईल ती निराळीच. मुलगा म्हणाला, “अण्णा, हिशेब खरा, पण पावसाळ्याचं काय?” या प्रश्नास माझ्या कागदावर उत्तर नव्हतें. जून ते सप्टेंबर हवेंतच पाणी इतकें असतें कीं कपड्यांतील पाणी घेण्यास तिच्याजवळ जागा उरत नाहीं. मग पडवींत पंख्याखालीं कपडे दोन दोन, तीन तीन दिवस लोंबत राहतात व त्यांना कुबट वास येतो. तो वास पावसाचा नव्हे. ओलाव्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा आहे.

सूर्यप्रकाशानें या जंतूंची वाढ थांबते, हें डाउन्स व ब्लंट या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८७७ मध्यें दाखवून दिलें. प्रकाशाच्या साह्यानें त्वचेच्या क्षयावर उपचार करणारे डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच देशांतील कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० मध्यें उन्हांत वाळलेल्या टॉवेलांच्या सुवासाचा शोध प्रसिद्ध केला. ओल्या कापडावर ऊन पडलें असतां कांहीं सुगंधी द्रव्यें तेथेंच निर्माण होतात, असें त्यांना आढळलें. आमच्या आजीला हें नोबेल पारितोषिकावांचून ठाऊक होतें. ती उन्हांतून आणलेल्या गोधडीला नाक लावल्याशिवाय ती पसरीत नसे.

संस्कृत कवींनाही हा विषय क्षुद्र वाटलेला नाहीं. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत आश्रम जवळ आल्याचें ज्या खुणांवरून ओळखतो, त्यांत पाणवठ्याच्या वाटेवर वल्कलांच्या कडांतून ठिबकलेल्या पाण्याच्या रेघा आहेत. मृच्छकटिकाच्या आठव्या अंकांत तर एका भिक्षूच्या ओल्या चीवरामुळें प्राण वांचतात. चीवर वाळवावें कोठें, असा त्याला प्रश्न पडतो. झाडावर वानरांचें भय, भुईवर धुळीचें. अखेर तो तें वाळक्या पानांच्या राशीवर पसरतो, आणि त्या पानांखालीं मेली असें समजून टाकून दिलेली वसंतसेना असते. वालीवच्या दोरीलाही हीं दोन्ही भयें आहेत. वानरें डोंगराकडून क्वचित् येतात. धूळ मात्र रोजची, महामार्गाची आणि कारखान्यांच्या गाळ्यांची. भातशेतीचें हें गांव गेल्या कांहीं दशकांत कारखान्यांचें झालें, २००९ मध्यें महानगरपालिकेंत गेलें, २०१४ मध्यें ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्ह्यांत गेलें. पांढरा सदरा मात्र संध्याकाळपर्यंत दोरीवर राहिला तर करडा होऊनच घरांत येतो. म्हणून आमच्याकडे पांढरे कपडे दुपारीं एकच्या आंत उतरतात.

जवळच्या एका नव्या वसाहतींत दर्शनी बाजूस कपडे वाळत घालण्यास मनाई करणारी सूचना लागली आहे. इमारतीची शोभा जाते म्हणे. अमेरिकेंत असले नियम इतके झाले कीं फ्लॉरिडा, व्हर्माँट इत्यादि राज्यांना दोरीवर कपडे वाळविण्याचा नागरिकांचा हक्क कायद्यानें राखावा लागला. त्या वसाहतीच्या समितीनें शाकुंतलाचा पहिला अंक एकदां वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.

शोभेचा प्रश्न आमच्या घरांतही निघाला, पण निराळ्या रीतीनें. दोरी माझ्याकडे आली तेव्हां तिच्यावर काय यावयाचें हें आधींच ठरलेलें होतें: सदरे, पायजमे, साड्या, चादरी, मुलांचे गणवेश. घरांतील स्त्रियांचीं आंतलीं वस्त्रें व महिन्याच्या त्या चार दिवसांतील कापडें न्हाणीघरामागच्या बोळांत वाळत. त्या बोळांत ऊन येत नाहीं. माझी थोरली नात परिचारिकेचें शिक्षण घेत आहे. एका रविवारीं जेवतां जेवतां तिनें मला विचारलें, “आजोबा, जंतु काय फक्त सदऱ्यांतच असतात?”

पंगतींत असा विषय निघतांच माझा मुलगा ताटाकडे पाहूं लागला. माझ्या मतें प्रश्न शास्त्राचा होता व त्याचें उत्तर एकच होतें. जें कापड शरीराशीं तासन् तास निकट असतें, तें अंधारांत दमट राहूं देणें म्हणजे बुरशीला व त्वचारोगाला आमंत्रण देणें होय. सदऱ्यापेक्षां त्यालाच उन्हाची गरज अधिक. मीं तसें स्पष्ट सांगितलें. माझी थोरली बहीण अक्का हिला तें रुचलें नाहीं. “अरे, रस्त्यावरून येणारेजाणारे बघतील त्याचं काय?” ती म्हणाली. “घरंदाज घराची कांहीं रीत असते.”

नातीनें आवाज न चढवितां विचारलें, “अक्काआजी, तू कुठं वाळवायचीस?”

अक्का बराच वेळ बोलली नाहीं. मग भातावर ताक ओतीत म्हणाली, “गोठ्यांत. गोणपाटाखालीं. पावसाचे चार महिने ओलंच घ्यायचं, वाळायचं कुठलं? अंगाला सारखी खाज. आई म्हणायची, उष्णता आहे, सब्जाचं पाणी पी.”

आम्ही दोघें एकाच घरांत वाढलों. त्या गोठ्यांत मी रोज सकाळीं दुधाचें भांडें घेऊन उभा असें. ही गोष्ट मीं त्या दिवशीं प्रथम ऐकली.

दुसऱ्या दिवशीं मीं पेरूपासून पूर्वेच्या कुंपणाच्या खांबापर्यंत दुसरी दोरी बांधली. तेथें आठपासून बारापर्यंत चांगलें ऊन असतें, आणि रस्त्याच्या बाजूनें जास्वंदीची आड येते. ही आड केवळ अक्काकरितां. सुनेनें पहिल्या आठवड्यांत तिकडे कांहीं घातलें नाहीं; मग घालूं लागली. अक्का रोज सकाळीं बाहेर येते आणि त्या कापडांवर आपला जाड पंचा पसरते. नात कॉलेजला निघतांना तो काढून घडी करून ओट्यावर ठेवते. दोघी एकमेकींना कांहीं म्हणत नाहींत. परवां पाहिलें तों पंचाच्या जागीं मलमलीचें जुनें विरलेलें फडकें होतें, ज्यांतून ऊन बरेंचसें खालीं उतरत होतें. नातीनें तें तसेंच राहूं दिलें.