आजीचा पदर

धर्माबादचे नाव काढले, की परक्या माणसाला आधी मिरची आठवते आणि मग नुसत्या आठवणीनेच ठसका लागतो! बाजारात निम्मे बोलणे मराठीत, निम्मे तेलुगूत. अशा या सीमेवरच्या गावी मी मुलांना मराठी शिकवतो.

घरात मौल्यवान म्हणावी अशी आमची एकच वस्तू. आजीची पैठणी. ट्रंकेत पडून ती घडीघडीवर विरली होती. थोरलीचे लग्न ठरले, तेव्हा कोणीतरी सुचवले, "जाळून टाका, चांदी निघेल." जुन्या पैठणीची जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. लग्नाच्या खर्चाची यादी समोर असल्याने मला ते पटलेही.

आमची सौभाग्यवती तेवढी म्हणाली, "आधी पैठणला जाऊन या. तिथं नवी अशीच विणून मिळते का, ते विचारा. मग काय जाळायचं ते जाळा."

गोदावरी पैठणहून नांदेडवरून आमच्या मुलखात येते. मी तिच्या उलट दिशेने निघालो. छत्रपती संभाजीनगरपर्यंत आगगाडी, पुढे पन्नासेक किलोमीटर एस.टी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण हे भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. आपल्या मराठवाड्यातल्याच तेरहून तलम कापड त्या बंदरात जाई, असेही. माझी वाट त्यामानाने सोपी. पण मन मात्र जड होते.

विणकर साठीचे होते. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले. ताण्याखाली चौकटीच्या कागदावरचा आराखडा आणि हाताशी रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या. पदरात धोटा इकडून तिकडे नुसता पळवून भागत नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरता न्यायचा, शेजारच्या धाग्यात अडकवायचा आणि परत फिरवायचा. म्हणून खरी पैठणी उलट-सुलट सारखीच दिसते. यंत्रमागावरच्या स्वस्त नकलेच्या पाठीला धागे लोंबतात. दिवसभर बसून काम पुढे सरकते ते बोटांच्या मापाने. भरगच्च पदराला कित्येक महिने जातात.

मी पैठणी उलगडली. त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ ते काठावरची वेल पाहत राहिले.

"मामा, हिच्यासारखी नवी होईल का?"

"होईल, मास्तर. पण वेळ लागेल, पैसाही लागेल."

"मग ही मोडायला हरकत नाही?"

त्यांनी झटकन वर पाहिले. "ही मोडली, तर नवी विणू कशावरून? हे वळण आता कुणी विणत नाही. इथं विरलंय, ते पलीकडच्या फुलात शाबूत आहे. धागे मोजून कागदावर उतरवता येतं. जाळल्यावर काय मोजू?"

मी वरमलो. ज्या गावात हे ऐकत होतो, ते एकनाथांचे गाव. १५८४ साली नाथांनी जुन्या प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. त्या जीर्ण पोथ्या कोणी चुलीत घातल्या असत्या, तर नाथांनी ताडून काय पाहिले असते? आणि मी मराठीचा प्राध्यापक, चांदीच्या भावाचा हिशेब करत तिथवर आलो होतो!

पैठणी दोन दिवस त्यांच्याकडे ठेवली. कागदाच्या चौकटीत वेल उतरली, रंग टिपले गेले. तो भरगच्च पदर माझ्या पगाराच्या आवाक्यात नव्हता. साध्या अंगाची पैठणी सांगितली. काठावर मात्र आजीची वेल.

लग्नात लेकीने तीच नेसली. जुनी पुन्हा ट्रंकेत गेली, आता मऊ सुती कापडात गुंडाळून. परवा विणकरमामांचा फोन आला. तीच वेल त्यांनी आणखी एका मागावर चढवली होती. "मास्तर, हरकत नाही ना?" त्यांनी विचारले.

हरकत कसली! आजीचा पदर आता आमच्या एकट्याचा राहिला नव्हता.