फांद्या ओढणारा माणूस कोणाचा?

बर्मिंगहॅमजवळ बागकामाचा छोटा धंदा सुरू केला, तेव्हा गवत कापणं आणि कुंपण छाटणं एवढंच डोक्यात होतं. मग एका आजीबाईंनी परसातलं लेलँडी उतरवून द्याल का, म्हणून विचारलं. झाड दुमजली घराच्याही वर गेलेलं.

अशा कामाला इथे रोजावर माणसं मिळतात. सगळी सेल्फ-एम्प्लॉइड, आपलं बिल देतात, आपला कर भरतात. एक चढणारा आणि खाली फांद्या ओढायला एक मदतनीस ठरवला आणि विम्याच्या ब्रोकरला फोन लावला. ब्रोकरबाईंनी विचारलं, "करवत कोणाची? दोर, हार्नेस कोणाचा? कुठली फांदी आधी पाडायची, हे कोण ठरवणार?" मी चक्रावलोच. माझ्या लेखी दोघंही सारखेच स्वतंत्र होते.

विम्याच्या लेखी तसं नसतं. चढणारा आपली अवजारं, आपली पद्धत आणि आपला पब्लिक लायबिलिटी विमा घेऊन येतो; तो खरा ठेकेदार. मदतनीस माझ्या चिपरमध्ये मी सांगेन तशा फांद्या घालणार. तो 'लेबर ओन्ली'. त्याचा हात यंत्रात सापडला, तर करखात्यात त्याची नोंद काहीही असो, विमा कंपनी त्याला माझाच नोकर धरते.

नोकर म्हटलं की १९६९ चा कायदा लागतो. एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा किमान ५० लाख पौंडांचा हवा. नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड. शेजाऱ्याच्या डोक्यावर फांदी पडली तर भरपाई देणारा पब्लिक लायबिलिटी विमा मात्र सक्तीचा नाही. हे मला अजूनही पटलेलं नाही. झाडाच्या कामाला तोही सक्तीचा हवा.

चढणाऱ्याने आपलं विम्याचं प्रमाणपत्र लगेच पाठवलं. मुदत पाहिली, रक्कम पाहिली, झाडं तोडण्याचं काम त्यात लिहिलंय का तेही पाहिलं. मग माझीच पॉलिसी उघडली. तिच्यात बारीक अक्षरांत अट होती: दहा मीटरच्या वरचं काम धरलेलं नाही. ती बदलून घेतली, मदतनिसाचं नाव कळवलं. हप्ता चांगलाच वाढला, तो आजीबाईंच्या कोटेशनमध्ये धरला.

इथे असा धंदा काढणाऱ्या आपल्या माणसांना विनंती आहे: काम सुरू होण्याआधी कोण काय करणार आणि कोणाच्या अवजाराने, हे ब्रोकरला सांगा आणि उत्तर लेखी घ्या.