जाळीखाली

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे डेकवर गेली चौदा वर्षं एकच गॅस ग्रिल उभं आहे. तेवढ्या काळात शेजाऱ्यांची तीन झाली. मी काही जादू करत नाही, फक्त जाळी उचलून खाली बघतो.

जाळी घासणं हे मी कामात धरतच नाही. सगळे नॉब मोठे करून, झाकण लावून पंधरा मिनिटं तापू दिलं की चिकटलेलं सगळं जळून खरपुडी होते आणि भराभर सुटते. फक्त त्यासाठी तारेचा ब्रश वापरू नका. त्याची सुटलेली बारीक तार जाळीला चिकटते, तिथून मक्याच्या कणसाला आणि तिथून पोटात. 2012 साली सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेने प्रॉव्हिडन्समधल्या अशा सहा रुग्णांची हकिगत छापली होती. कुणाच्या घशात तार रुतली होती, कुणाचं आतडं भोसकलं गेलं होतं. ते वाचलं त्याच दिवशी आमचा ब्रश कचऱ्यात गेला. आता लाकडाची खरवडणी आहे.

जाळी बिडाची. नवी असताना मी ती उत्साहाने साबणाने घासून पालथी घातली, तर सकाळी तांबडी! आई तेव्हा सावंतवाडीहून आली होती. आयुष्य बिडाच्या तव्यावर घावने घालण्यात गेलेलं. जाळीकडे पाहून म्हणाली, "बिडाक साबण लावतत काय रे?" मग तिने अर्धा कांदा काट्याला टोचला, तेलात बुडवला आणि तापलेल्या जाळीवर फिरवत राहिली. धूर, चर्र आवाज, पुन्हा तेल. संध्याकाळपर्यंत जाळी काळी कुळकुळीत झाली. त्या दिवशी वांगी भाजली, एकाचंही साल चिकटलं नाही. तेव्हापासून डावीकडचा एक तृतीयांश भाग शाकाहारी. तिथे चिकन ठेवणाऱ्याला आमच्याकडे पुन्हा चिमटा मिळत नाही.

खरं काम जाळीखाली. तिथे बर्नरवर तंबूसारखे वाकवलेले पत्रे असतात. ठिबकलेला मसाला त्यांच्यावर जळतो, उरलेलं तेल उतारावरून ट्रेमध्ये जातं. दह्यातलं चिकन चार वेळा झालं की तळाला मेणचट थर बसतो, आणि पाचव्या वेळी तोच पेट घेतो. अशा आगीवर पाणी ओतू नये. नॉब बंद, झाकण बंद, सिलिंडर बंद, आणि आपण लांब. झाकणाच्या आतून लोंबणारे काळे पोपडे बघून मात्र घाबरू नका. रंग उडालाय म्हणून ग्रिल फेकून देणारे मी पाहिलेत. ती धूर आणि तेलाची खपली असते, उलथन्याने पडते.

दोन वर्षांपूर्वी मेअखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीत पाहुणे बोलावले होते. हिवाळाभर झाकलेलं ग्रिल दुपारी दोनला पेटवलं. वरून सगळं लख्ख होतं. पाच मिनिटांत प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. बघतो तर डावीकडच्या नॉबची कड वितळत होती. आग बर्नरवर नव्हती, नॉबच्या मागे होती. धावत सिलिंडर बंद केला.

थंड झाल्यावर बर्नरची नळी काढली. तिच्या तोंडाशी, जिथे गॅसमध्ये हवा मिसळते, कापसाच्या बोळ्यासारखं कोळ्याचं जाळं. वाट बंद, म्हणून गॅस उलटा फिरून तोंडाशीच पेटला होता. कोळ्यांना या नळ्या फार आवडतात, कंपन्या माहितीपुस्तिकेत तसं लिहितातही. ती वाचतो कोण? मीही वाचली नव्हती.

आता दर वसंतात नळ्या निघतात. आतून बाटली धुण्याचा लांब ब्रश. बाहेरून भोकांवर ब्रश आडवा मारायचा. उभा मारला तर मळ एका भोकातून निघून दुसऱ्यात बसतो. बुजलेल्या भोकाला पिन. लहानपणी बाबा रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायचे, तेव्हा भोक मोठं होऊ नये म्हणून श्वास रोखायचे. मीही तसाच रोखतो. मग जोडणी, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी. बुडबुडा आला की गॅस गळतोय.

शेवटी ज्योत. निळी असली पाहिजे, शेंड्याला थोडी पिवळी चालेल. सगळीच पिवळी आणि लोळणारी असेल, तर हवा कमी पडतेय. नॉब वितळला त्या दिवशी ज्योत कुठे आहे ते मला दिसलं नाही, कारण उन्हात निळी ज्योत दिसतच नाही. तेव्हा पाहुणे यायच्या आदल्या रात्री, अंधार पडल्यावर, डेकवरचा दिवा मालवून एकदा जाळीखाली वाकून बघा.